झिजायलाच लावायचा रंग : शिडाच्या होडीचा तळ रंगवताना

बेळगावात समुद्र नाही, पण समुद्रावर होडी असलेली माणसं बेळगावात आहेत. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, साखळी करत शंभरेक किलोमीटर गेलं की पणजी येते. शनिवारी पहाटे निघायचं आणि रविवारी रात्री घरी, असं आम्हा चौघा भागीदारांचं गेल्या काही वर्षांचं वेळापत्रक आहे. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडे जाते. त्याच खानापूर तालुक्यात भीमगडच्या रानातून म्हादई निघते, ती पश्चिमेला घाट उतरते आणि गोव्यात मांडवी होते. आमची जुनी, चोवीस फुटी, फायबरची होडी या दुसऱ्या पाण्यावर उभी असते.

आमचं बघून आता खानापूर, निपाणी, चंदगडकडची मंडळीही भागीदारीत जुन्या होड्या घ्यायला लागली आहेत. त्यांचा पहिला प्रश्न शीड कसं चढवायचं हा नसतो. "तळाला कुठला रंग मारायचा ओ?" हा असतो. साहजिक आहे. होडी पाण्यातून वर काढली की तळाला चिकटलेला शेवाळाचा, शिंपल्यांचा आणि बार्नेकल नावाच्या चिकटून बसणाऱ्या कवचवाल्या जिवांचा थर बघून कुणाच्याही पोटात गोळा येतो. हा थर चढलेली होडी वाऱ्यावर चालत नाही, रांगते.

आम्ही पहिल्या वर्षी हे काम पुरतं चुकवलं. आम्ही उद्यमबागेतली, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीतली माणसं. आमच्या हिशेबात रंग म्हणजे फिनिश, हात फिरवला तर सरकला पाहिजे, उजेडात चमकला पाहिजे आणि दहा वर्षं टिकला पाहिजे. होडीच्या तळाचा रंग या तिन्ही बाबतींत उलटा. तो दिसायला मळकट आणि हाताला खडबडीत असतो, आणि तो झिजावा म्हणूनच लावतात. एवढं डोक्यात बसलं की पुढच्या निम्म्या सूचना तुम्हाला सांगाव्याच लागणार नाहीत.

हा रंग करतो काय

बार्नेकलचं पिल्लू डोळ्याला धड दिसतही नाही. ते पाण्यात तरंगत जागा शोधतं, एकदा पसंत पडली की तिथं स्वतःला चिकटवून घेतं आणि भोवती चुन्याचं घर बांधतं. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत या प्राण्यावर बरंच संशोधन झालेलं आहे, यावरूनच गोव्याच्या पाण्यात त्याचा जोर किती ते कळावं. पावसाळ्यात मांडवीत वरून गोडं पाणी येतं, पाऊस सरला की खारं पाणी पुन्हा आत चढतं आणि नेमकी तेव्हा आपली होडी पाण्यात उतरते. म्हणजे पाहुणे आणि घर एकाच मुहूर्ताला.

रंगात मुख्यतः क्युप्रस ऑक्साइड, म्हणजे तांब्याचं तांबडं ऑक्साइड असतं. पाण्यात ते हळूहळू सुटत राहतं आणि तळाला लागून असलेला पाण्याचा पातळ थर त्या पिल्लांना नकोसा होतो. तांब्याची ही युक्ती जुनी आहे. ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये 'अलार्म' नावाच्या जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकून पाहिला होता. तळ स्वच्छ राहिला, पण पत्रा जिथं लोखंडी खिळ्यांना टेकला तिथं खिळे गंजून गेले. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकमेकांना लागले की असं होणारच. म्हणून तुमच्या होडीचा तळ ॲल्युमिनियमचा असेल तर तांब्याचा रंग लावूच नका, तिच्यासाठी वेगळा मिळतो. तळ पोलादाचा असेल तर मध्ये इपॉक्सी प्रायमरचा अखंड थर पाहिजे. फायबरला ही भीती नाही.

एकेकाळी तांब्याहून जालीम अशी कथिलाची संयुगं या रंगांत घालत. त्यांनी शंखांच्या माद्यांना नराची इंद्रियं फुटू लागली, तेव्हा जग जागं झालं. २००१ साली त्यावर आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २००८ पासून तो लागू आहे. तेव्हा कुणी "जुना, कडक माल आहे, दोन डबे उरलेत" म्हणून काही देऊ लागला तर हात जोडा आणि पुढं चला.

बाजारात ढोबळमानाने दोन जाती मिळतात. एक कडक रंग. त्याचा थर जागेवर राहतो आणि आतलं तांबं तेवढं पाझरत जातं. दुसरा झिजणारा. त्याचा थरच पाण्याबरोबर विरत जातो आणि खालून ताजा थर उघडा पडतो. कडक रंग दरवर्षी चढवत गेलात की पाच-सात वर्षांत तळावर पुठ्ठ्यासारखा जाड थर साचतो आणि एक दिवस पोपडे धरतात. शनिवार-रविवार चालणाऱ्या, हळू जाणाऱ्या शिडाच्या होडीला झिजणाराच घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त घेताना विचारा, की हा रंग कमी वेगाच्या होडीसाठी आहे का. मालवाहू जहाजांसाठी केलेला स्वतःला घासत राहणारा रंग वेगात चालणाऱ्या तळासाठी असतो. आपली होडी आठवड्यातले पाच दिवस जागची हलत नाही, तिच्यावर तो नुसता बसून राहील.

आणि हेही आधीच सांगतो. राकसकोप किंवा हिडकल धरणाच्या पाण्यात तासभर चालवून परत ट्रेलरवर चढणारी छोटी डिंगी असेल तर हा रंग तिला नकोच. घरी आणून साबणाच्या पाण्यानं धुवा, झालं. जी होडी आठवड्यांमागून आठवडे पाण्यातच राहते, तिच्यासाठीच हा खटाटोप.

मे महिन्याची अखेर : होडी वर काढताना

गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. सगळे ट्रॉलर तेव्हाच कडेला लागतात, त्यामुळे यार्डाची जागा एप्रिलमध्येच बोलून ठेवा. मांडवी-जुवारीच्या काठी बार्ज दुरुस्तीची यार्डं आहेत, पण आपल्यासारख्या छोट्या होडीला ती सगळी उभं करून घेत नाहीत. विचारत फिरावं लागतं. कोकणी येत नसेल तर मराठीत बोला, बहुतेकांना कळते. फक्त यार्डातल्या मेस्तना, म्हणजे मिस्त्रींना, "अरे" म्हणू नका. आमच्यातला एकजण पहिल्या दिवशी म्हणाला, आणि आमची क्रेन संध्याकाळी पाचला आली.

होडी उचलली की पहिला अर्धा-पाऊण तास सोन्याचा. तळावरचा थर ओला आहे तोवर प्रेशर वॉशरने धुतला तर साय निघावी तसा निघतो. वाळला तर सिमेंट. चहा नंतर प्या. पाण्याची तोटी तळाच्या फार जवळ नेऊ नका, नाहीतर जुना रंग आणि त्याखालचं जेलकोट, म्हणजे फायबरवरची गुळगुळीत साल, तीही उडेल.

पाण्याने न निघालेलं बार्नेकल खरवडून काढायचं. खरवडणीचे कोपरे आधी ग्राइंडरवर गोल करून घ्या. सरळ दुकानातून आणलेल्या खरवडणीचा कोपरा जेलकोटात चर पाडतो आणि तो चर तुम्ही पुढं तीन वर्षं भरत बसता. बार्नेकल गेलं तरी त्याच्या तळाची पांढरी चकती राहते. ती आत्ताच काढा, ऑक्टोबरात तिचा दगड झालेला असतो.

खाली ताडपत्री आधी पसरा. जे पडेल ते गोळा करून पोत्यात भरा आणि यार्डाच्या घातक कचऱ्यात द्या. त्यात तांबं आहे. नदीत ढकललं तर ज्या शेवाळाला मारायचं त्याच्याबरोबर कालवं आणि तिसऱ्यांचे शिंपलेही मरतील, आणि मग संध्याकाळी ताटात काय घेणार? भरती-ओहोटीच्या फटीत वाळूवर होडी कलती करून तळ खरवडणारेही बघितलेत. पैसे वाचतात, पण सगळा गाळ थेट पाण्यात जातो. करू नका.

पावसाळ्यात, घरी बसून

जून ते सप्टेंबर चोर्ल्यात धुकं, दरडी आणि खड्डे. होडी ताडपत्रीखाली वाळत असते. या दिवसांत बेळगावात बसून करण्यासारखी बरीच कामं आहेत.

पहिलं म्हणजे रंगाचा हिशेब. पाण्याच्या रेषेवरची लांबी घ्या आणि तिला रुंदी अधिक पाण्यातली खोली या बेरजेने गुणा. पूर्ण लांबीचा खोल कणा, म्हणजे तळाखालचा कील, असलेल्या होडीला हे जवळजवळ जसंच्या तसं लागू पडतं. मध्यम कण्याला त्याचे पाऊण धरा, आणि माशाच्या परासारखा अरुंद कणा असेल तर निम्मे. आमच्या होडीचे आकडे सांगतो : लांबी ६ मीटर, रुंदी २.४, खोली १.१. बेरीज ३.५, गुणाकार २१. कणा मध्यम, म्हणून पाऊण, म्हणजे १६ चौरस मीटरच्या आतबाहेर. दोन हात म्हणजे ३२. डब्यावर लिटरला दहा चौरस मीटर लिहिलेलं असलं तरी हाताने लावताना आठच धरा. चार लिटर झाले. कडांना जादा हात लागतो, म्हणून पाच लिटर आणायचे.

या पाच लिटरचं महत्त्व पुढं सांगतो. लक्षात तेवढं ठेवा.

रंग बेळगावातल्या नेहमीच्या पेंटच्या दुकानात मिळायचा नाही. जोटुन, हेम्पेल, इंटरनॅशनल अशा कंपन्यांचे जहाजी रंग ठेवणारे विक्रेते बंदरांच्या गावांतच असतात. गोव्यातूनच घ्या, त्याच कंपनीचा थिनर घ्या, बिल जपून ठेवा आणि डब्याबरोबरचा माहितीपत्रक नावाचा कागद मागून घ्या. तो कागद म्हणजे या कामाची पोथी. मी इथं काहीही लिहिलं आणि कागदात वेगळं असलं तर कागदाचं ऐका.

बाकी सगळं मात्र बेळगावातून नेणं स्वस्त आणि सोपं. ८० नंबरचा वॉटर पेपर भरपूर, चार इंची रोलर आणि त्याच्या पाच-सहा जादा नळ्या, कडेसाठी दोन इंची ब्रश, ट्रे, चांगली मास्किंग टेप, जुन्या सुती साड्यांचे फडके. उद्यमबागेत फौंड्रीवाल्यांना सुरक्षेचा माल देणारी दुकानं आहेत, तिथून कार्ट्रिजचा मास्क घ्या. धूळ आणि वाफ दोन्ही अडवणारं कार्ट्रिज मागा. तोंडाला रुमाल बांधून हे काम होत नाही. फौंड्रीत सिलिकाच्या धुळीने फुप्फुसं गेलेली माणसं आपल्या गावाला नवी नाहीत, तेव्हा यावर जास्त बोलत नाही. नायट्राइलचे हातमोजे, गॉगल आणि फेकून द्यायचा अंगरखाही लागेल.

सप्टेंबरात एक फेरी मारून तळ नीट बघून या. कुठं फोड आलेत का? एखादा टोचून बघा, गॉगल घालून. आतून पाणी आलं आणि त्याला व्हिनेगरसारखा वास असला तर फायबरमध्ये पाणी मुरलंय असं समजायचं. चार-दोन फोड असतील तर उघडून, धुऊन, वाळवून इपॉक्सी पुट्टी भरता येते. तळभर असतील तर रंगाचं राहू द्या आणि जाणत्या माणसाला आणून दाखवा.

जुना रंग कुठला हे माहीत नसेल तर थिनरमध्ये भिजवलेलं फडकं त्यावर मिनिटभर दाबून धरा. फडक्याला सहज रंग आला तर तो मऊ, झिजणारा. मग ब्लेडने एक फुली मारा, तिच्यावर टेप घट्ट चिकटवा आणि झटक्यात ओढा. टेपबरोबर पोपडे आले तर जुना थर पूर्ण काढावा लागेल. या परीक्षेला पाच मिनिटं लागतात, आणि आम्ही पहिल्या वर्षी ती केली नाही.

घासणं

सगळ्यात मोठं काम हेच, आणि कंटाळवाणंही. रंग लावायला दोन दिवस लागतात, घासायला तीन.

पाणी लावूनच घासा. कोरडं घासलं की तांब्याची विषारी भुकटी हवेत उडते, ती तुमच्या नाकात जाते आणि शेजारच्या होडीवरच्या माणसाच्या डब्यातही. बादली, वॉटर पेपर, घासायचा ठोकळा आणि गाणी ऐकायला फोन. ग्राइंडर आणू नका. हे वाक्य मी खास उद्यमबागेसाठी लिहितोय, कारण आपला हात आपोआप तिकडं जातो. आमच्या एका भागीदाराने "पाच मिनटात करून टाकतो की" म्हणत डिस्क फिरवली आणि पाच मिनटात जेलकोटमधून फायबरची जाळी दिसायला लागली. ती जागा अजून हाताला लागते. त्याला आम्ही दर ऑक्टोबरात तिथं हात लावायला लावतो.

किती घासायचं? जुना रंग चांगला चिकटलेला असेल तर त्याची वरची, जीव गेलेली साल जाईपर्यंत. तळ आरशासारखा गुळगुळीत नकोच आहे. नव्या रंगाला पाय रोवायला थोडा खरखरीतपणा पाहिजे, ८० नंबरचा पेपर तेवढा देतो. सुटे पोपडे मात्र एकही ठेवू नका, त्यांच्या कडा उतरत्या करा.

कुठं कोरं जेलकोट उघडं पडलं असेल तर तिथं आधी प्रायमर. बऱ्याच इपॉक्सी प्रायमरच्या बाबतीत पुढचा रंग कधी लावायचा ते अंगठ्याने ठरवतात. हातमोजा घालून अंगठा दाबा. ठसा उमटला पण अंगठ्याला प्रायमर आला नाही, तर हीच वेळ. अंगठ्याला आला तर थांबा. ठसाच उमटला नाही तर वेळ गेली, आता कडक झालेल्या प्रायमरला पुन्हा घासून मगच रंग. हे अंगठ्याचं गणित मला फार आवडतं.

शेवटी तळ स्वच्छ पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या, मग दोन फडक्यांनी पुसा. एका फडक्यावर थिनर, आणि ते सुकायच्या आत मागोमाग कोरडं फडकं. एकच फडकं फिरवत राहिलात तर तेलकटपणा इथून तिथं नुसता सरकतो.

काय झाकायचं

पाण्याच्या रेषेवर टेप. जुनी रेषा दिसत असली तरी ती खरी मानू नका. सामान, टाकी, माणसं चढल्यावर होडी बसते, म्हणून रंग दोन-तीन इंच वर घ्या. नाहीतर रेषेवर हिरवी झालर उगवते.

झिजण्यासाठी लावलेले धातूचे ठोकळे, म्हणजे ॲनोड, यांच्यावर चुकूनही रंग लावू नका. इंजिनाचा पंखा आणि त्याचा दांडा वाचवण्यासाठी ते स्वतः झिजतात आणि रंगाखाली त्यांचं काम बंद पडतं. निम्मे झिजले असतील तर आत्ताच बदला. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात जस्ताचे चालतात, पण मांडवीसारख्या खाऱ्या-गोड्या मिसळलेल्या पाण्यात ॲल्युमिनियमचे बरे. पाण्याची खोली मोजणाऱ्या यंत्राचा डोळाही झाका, त्याच्यासाठी वेगळा रंग येतो. पाणी आत घेणारी भोकं काडीने मोकळी करून घ्या, तिथं आत बार्नेकल बसलेलं असतं.

रंगाचे दोन दिवस

ऑक्टोबराचा मध्य. पाऊस गेलेला पाहिजे. गेला असं वाटणं पुरेसं नाही, कारण परतीचा पाऊस दुपारी चारला ढग घेऊन येतो. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली आणि तळाचं तापमान दवबिंदूच्या निदान तीन अंश वर, हा नियम. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र घ्या, महाग नसतं.

पहिल्या वर्षी आम्ही पहाटे साडेसहाला रंग सुरू केला. ऊन चढायच्या आत उरकू, असा शहाणपणा. मेस्त लांबून "मातशें रावात, मातशें रावात" (जरा थांबा) म्हणत होते आणि आम्ही हसून हात हलवत होतो. तळावर दव होतं. ते डोळ्याला दिसत नव्हतं, पण होतं. रंग सुंदर बसला. डिसेंबरात होडीखाली डुबकी मारली तर नाळेजवळ, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी, हाताएवढे पापुद्रे पाण्यात लोंबत होते. तेव्हापासून साडेनऊच्या आधी डबा उघडायचा नाही आणि चारनंतर रोलरला हात लावायचा नाही. दुपारी ऊन पडलेली बाजू सोडून सावलीच्या बाजूला काम करायचं, कारण तापलेल्या तळावर रंग पसरायच्या आधीच सुकतो.

आता डबा. पाच लिटरचा डबा उचललात की तांब्याचं वजन हाताला कळतं. ते सगळं तांबं तळाशी बसलेलं असतं. कुंदा करताना तळ सोडून वरवर हलवलं तर काय होतं ते बेळगावच्या माणसाला सांगायला नको. तसंच इथं. रुंद पट्टीने तळ खरवडत, खालचं वर आणत दहा मिनिटं ढवळा. ट्रेमध्ये ओतल्यावरही मधून मधून ढवळत राहा. न ढवळता लावलेल्या रंगात वरच्या बाजूला नुसतं रंगीत वार्निश लागतं, आणि उरलेलं महागडं तांबं डब्याच्या बुडाशी राहतं.

थिनर घालू नका. घालायचाच तर कागदात लिहिलाय तेवढाच. घट्ट वाटतो, रोलर जड जातो, हे खरं. पण पातळ केलात की थर पातळ होतो, आणि इथं सगळा खेळ थराचा आहे. झिजणारा रंग म्हणजे साबणाची वडी. जेवढी जाड, तेवढे महिने.

रोलर एका वेळी हातभर जागेत फिरवा आणि पुढं सरका. भिंतीसारखा पुन्हा पुन्हा ओढून पसरवू नका. खडबडीत दिसेल, दिसू दे. आमच्या यार्डात शेजारची एक आजी रोज बकऱ्या घेऊन यायच्या. त्या तळाकडं बघून म्हणाल्या, "इतके पैसे घालून असा मळकट रंग?" त्यांना काय सांगणार!

पहिला हात एका रंगाचा आणि दुसरा वेगळ्या रंगाचा ठेवा. आमचा पहिला काळा, वर तांबडा. मार्च-एप्रिलात तळावर कुठं काळं डोकावलं की तिथला वरचा थर संपला हे पाण्याखालूनही कळतं. दोन हातांच्या मध्ये किती वेळ जायला हवा ते कागदात तापमानाप्रमाणे दिलेलं असतं, आपल्या हवेत साधारण एका दिवसात एकच हात धरा. घाई केलीत तर आतला थिनर अडकून राहतो.

जिथं पाणी जास्त घासतं तिथं तिसरा हात : पाण्याच्या रेषेची पट्टी, नाळ, कण्याची पुढची कड, सुकाणूच्या कडा. आता त्या पाच लिटरचं सांगतो. हिशेबाप्रमाणे आणलेला डबा शेवटी संपला पाहिजे. कडांचा तिसरा हातही होऊन लिटर-दीड लिटर उरला तर खूश होऊ नका. तुम्ही पातळ लावलात. परत रेषेपासून सुरू करा आणि संपवा.

टेप रंग पूर्ण कडक व्हायच्या आत, खाली आणि मागे ओढत काढा. दुसऱ्या दिवशी काढलीत तर कडेचा रंगही बरोबर येतो.

टेकूखालचे चौकोन

होडी टेकूंवर उभी असते, आणि टेकूची फळी जिथं लागते तिथं रंग लागत नाही. आपण चौघं आहोत, एक टेकू हळूच काढू, असं मनात येईल. काढू नका. दोन-तीन टनांची होडी कुठल्या बाजूला कलेल ते आधी सांगून कलत नाही. टेकू हलवणं यार्डाचं काम, आणि समोरासमोरच्या टेकूंना साखळी असल्याशिवाय होडीखाली जाऊच नका. यार्डवाले आधी जवळ दुसरा टेकू लावतात, मग पहिला काढतात. तेव्हा त्या चौकोनांवर घासणं, पुसणं आणि दोन्ही हात, सगळं बाकी तळासारखंच करायचं. कण्याच्या बुडाला मात्र क्रेनच्या पट्ट्यांवर उचलल्यावरच हात पोहोचतो. होडी आदल्या संध्याकाळी उचलून रात्रभर पट्ट्यांवर ठेवायला यार्ड तयार आहे का ते आधी विचारा. सगळीच ठेवत नाहीत.

पाण्यात

शेवटच्या हातानंतर निदान किती तास थांबायचं आणि जास्तीत जास्त किती दिवसांत पाण्यात उतरायचं, दोन्ही आकडे कागदात असतात. दुसरा आकडा लोक वाचत नाहीत. काही रंग, विशेषतः कडक जातीचे, हवेत फार दिवस राहिले की त्यांचा जीव जातो. म्हणून भरतीचं वेळापत्रक आणि क्रेनची तारीख ठरवूनच रंगाचा मुहूर्त काढा. दिवाळीच्या सुट्टीवर ढकललंत तर यार्डातली माणसंही सुट्टीवर असतात, हे आम्ही अनुभवाने शिकलो.

उतरवल्यावर पहिल्या काही दिवसांत होडीभोवतीचं पाणी थोडं रंगेल. घाबरू नका. महिन्यातून एकदा गॉगल लावून खाली बघा. पातळ चिकट थर धरला असेल तर मऊ स्पंजने हलकेच पुसा, काथ्याने किंवा ब्रशने खसाखसा घासलंत तर दोन महिन्यांचा रंग एका सकाळीत जाईल. खरं तर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे होडी चालवणं. दोन शनिवार चुकले की तिसऱ्या शनिवारी तळ सांगतोच.

एक वही होडीतच ठेवा. रंगाचं नाव, डब्यावरचा बॅच नंबर, किती लिटर लागला, आर्द्रता किती होती, कुठं प्रायमर लावला, टेकू कुठं होते, उतरवल्याची तारीख. पुढच्या मेमध्ये होडी वर काढल्यावर बार्नेकल नेमकं कुठं बसलं होतं त्याचं चित्रही त्यातच काढा. आमच्या वहीत सलग तीन वर्षं सुकाणूच्या मागच्या कडेला फुली आहे. तिथं ब्रश कोण धरतो यावरून आमच्यात अजून वाद चालू आहे.